‘दोन दिवसांपूर्वी’ म्हणजे ‘बिफोर टू डेज’ का नाही?
वाचकांचे प्रश्न, भाषा-विभागाची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांमधून एकच अडचण निरनिराळ्या वेषांत पुढे आली. इंग्रजीत क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशन शेजारी आले की आधी कोण बसतं, कोणाची कोणाशी जोडी जमते आणि कुठे एकाला घरी पाठवायचं, असा तो प्रश्न आहे. प्रिपोझिशन म्हणजे आपलं शब्दयोगी अव्ययच, फक्त ते नामाला मागून चिकटत नाही, नामाच्या आधी स्वतंत्र उभं राहतं. एवढ्याशा फरकातून बहुतेक चुका निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू. इंग्रजी उदाहरणं मोठ्यानं वाचा, कानाला वळण लागतं.

प्रश्न : आठवीची मुलं ‘बिफोर टू डेज’ लिहितात. ते चूक, हे मी सांगते, पण ‘टू डेज बिफोर द एग्झाम’ मात्र बरोबर. मग ‘टू डेज’ कधी आधी आणि कधी नंतर, हे मुलांना कसं समजावू?
— एक शिक्षिका, चिपळूण

फळ्यावर ‘परीक्षेच्या तीन दिवस आधी’ एवढंच लिहा आणि त्याचे तीन तुकडे करा : परीक्षेच्या, तीन दिवस, आधी. आता पहिला तुकडा उचलून शेवटी ठेवा. तीन दिवस, आधी, परीक्षा. ‘थ्री डेज बिफोर द एग्झाम’. बाकीच्या दोघांना हात लावावा लागला नाही. ‘देवळाच्या दोन किलोमीटर पुढे’ याचं ‘टू किलोमीटर्स पास्ट द टेंपल’ होतं, ‘दाराच्या अगदी मागे’ याचं ‘राइट बिहाइंड द डोअर’. कळसूबाईचं शिखर ‘समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंचीवर’ आहे, इंग्रजीत ‘१,६४६ मीटर्स अबव्ह सी लेव्हल’. प्रत्येक वेळी नाम तेवढं पुढून मागे गेलं.

मराठीत नाम आणि शब्दयोगी यांच्यामध्ये ‘च्या’ टाकला की फट पडते आणि त्या फटीत ‘अगदी’, ‘थोडं’, ‘तीन दिवस’, ‘दोन किलोमीटर’ असं काहीही घालता येतं. इंग्रजीत ती फट नाही. प्रिपोझिशन आणि तिचं नाम यांच्यामध्ये माप शिरू शकत नाही, म्हणून माप सगळ्यांच्या आधी जाऊन बसतं.

आता मुलांची चूक पाहा. ‘दोन दिवसांपूर्वी’ या शब्दात ‘पूर्वी’ मापालाच चिकटलं आहे, कारण ज्या क्षणापासून मोजायचं तो क्षण, म्हणजे ‘आज’, बोलण्यात गाळला आहे. मुलाला वाटतं ‘दोन दिवस’ हेच ‘पूर्वी’चं नाम, म्हणून ते नियमानुसार शेवटी टाकतं : ‘बिफोर टू डेज’. नियम बरोबर वापरला, पण नाम ओळखताना फसलं. ‘बिफोर’पुढे काळातला एखादा ठरावीक बिंदू लागतो : सोमवार, दिवाळी, परीक्षा, पाच वाजता. ‘दोन दिवस’ हा बिंदू नव्हे, ती लांबी आहे.

बिंदू ‘आज’ किंवा ‘आत्ता’ असेल तर इंग्रजीत ‘अगो’ हा वेगळा शब्द आहे आणि तो मापाच्या मागे येतो : ‘टू डेज अगो’. बिंदू भूतकाळातला एखादा क्षण असेल आणि तो आधीच सांगून झाला असेल, तर ‘टू डेज बिफोर’ एवढंच म्हणून थांबता येतं. ‘आम्ही रविवारी भेटलो, तिनं त्याच्या दोन दिवस आधी नोकरी सोडली होती’ याला ‘वी मेट ऑन संडे; शी हॅड लेफ्ट हर जॉब टू डेज बिफोर’. मुलांना विचारायचा प्रश्न एकच : कुठून मोजतोस? ‘आत्तापासून’ असं उत्तर आलं तर ‘अगो’. दुसऱ्या कशापासून मोजत असेल तर ‘बिफोर’.

या कुटुंबातल्या आणखी दोन चुका त्याच तासाला उरकून घ्या. ‘दोन दिवसांनी येतो’ याला ‘आय विल कम आफ्टर टू डेज’ म्हटलं तर भारतभर समजतं, पण आत्तापासून पुढे मोजताना इंग्रजीचा नेहमीचा शब्द ‘इन’ आहे : ‘आय विल कम इन टू डेज’. भूतकाळातली हकिकत सांगताना मात्र ‘आफ्टर टू डेज ही केम बॅक’ अगदी ठीक. दुसरी चूक ‘पासून’ची. ‘दोन दिवसांपासून पाऊस पडतोय’ यात लांबी आहे, म्हणून ‘फॉर टू डेज’. ‘सोमवारपासून पडतोय’ यात बिंदू आहे, म्हणून ‘सिन्स मंडे’. ‘फ्रॉम टू डेज’ कुठेच नाही. आपलं ‘पासून’ लांबी आणि बिंदू दोघांनाही चालतं, तिथेच मुलं घसरतात.

वर्गासाठी सोपा प्रयोग : जाड कागदाच्या पट्ट्यांवर नाम, माप आणि शब्दयोगी वेगवेगळ्या रंगांत लिहा आणि मुलांना पट्ट्या हलवू द्या. दहा-बारा वाक्यांनंतर हात आपोआप पहिली पट्टी शेवटी नेतो. ‘दोन दिवसांपूर्वी’ आलं की नामाची पट्टीच सापडत नाही आणि मूल थबकतं. त्या थबकण्यातच ‘अगो’ शिकवा.

प्रश्न : ‘फ्रॉम अंडर द टेबल’ असं एका बातमीत वाचलं. एकापुढे एक दोन प्रिपोझिशन चालतात का?
— एक वाचक, सोलापूर

चालतात, आणि मराठी माणसाला हे नवं वाटू नये. ‘टेबलाखालून’ हा शब्द सोलून पाहा : टेबल, खाली, ऊन. तो पूर्ण उलटा वाचला की ‘ऊन, खाली, टेबल’, म्हणजेच ‘फ्रॉम अंडर द टेबल’. ‘दाराआडून’ याचं ‘फ्रॉम बिहाइंड द डोअर’, ‘रस्त्यापलीकडून’ याचं ‘फ्रॉम अक्रॉस द रोड’. जोडीतली पहिली जागा मात्र कोणालाही मिळत नाही. तिथे बहुतेक वेळा ‘फ्रॉम’ असतं, काळाच्या बाबतीत ‘अंटिल’ किंवा ‘सिन्स’ : ‘अंटिल आफ्टर दिवाळी’ म्हणजे दिवाळी होऊन जाईपर्यंत. किमतीच्या संदर्भात ‘फॉर अंडर फाइव्ह हंड्रेड रुपीज’ असंही सर्रास म्हणतात.

‘टू’ मात्र या जागी सहसा बसत नाही. ‘मांजर टेबलाखाली गेलं’ याला ‘द कॅट वेंट अंडर द टेबल’ एवढंच. मराठीतही आपण ‘टेबलाखालीला गेलं’ म्हणत नाही, तेव्हा इथे मराठीवर निर्धास्त विसंबावं.

सावध राहायचं ते ‘वरून’ आणि ‘तून’ यांच्या बाबतीत. शब्दशः गेलात तर ‘फ्रॉम ऑन’ आणि ‘फ्रॉम इन’ तयार होतं आणि या दोन्ही जोड्या इंग्रजीला नकोशा आहेत. पृष्ठभागावरून सुटण्यासाठी ‘ऑफ’ आहे, आतून बाहेर येण्यासाठी ‘आउट ऑफ’. पुस्तक टेबलावरून पडलं : ‘द बुक फेल ऑफ द टेबल’. ती घरातून बाहेर पडली : ‘शी वेंट आउट ऑफ द हाउस’. आवाज घरातून आला, कोणी बाहेर पडलं नाही, तर ‘फ्रॉम इनसाइड द हाउस’.

पण ‘पुलावरून गेलो’ यात पुलापासून सुटणं नाही, पूल ओलांडणं आहे, म्हणून ‘ओव्हर द ब्रिज’ किंवा ‘अक्रॉस द ब्रिज’. ‘बोगद्यातून गेलो’ यातही या टोकाकडून त्या टोकाकडे जाणं आहे, म्हणून ‘थ्रू द टनेल’. एकच ‘तून’ सुटणंही सांगतं आणि पार होणंही. भाषांतर करण्याआधी मनात चित्र काढा : माणूस आत होता आणि बाहेर आला, की बाहेरून आत शिरून पलीकडे निघाला? चित्र स्पष्ट झालं की शब्द चुकत नाही.

प्रश्न : ‘गो टू होम’ चूक, मग ‘वर्क फ्रॉम होम’ बरोबर कसं?
— एक वाचक, नागपूर

‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’, ‘डाउनस्टेअर्स’ या शब्दांच्या पोटात ‘कडे’ हा अर्थ आधीच आहे, म्हणून ‘टू’ लागत नाही : ‘गो होम’, ‘कम हिअर’, ‘गो अब्रॉड’, ‘गो अपस्टेअर्स’. ‘कडून’ हा अर्थ मात्र त्यांच्या पोटात नाही, म्हणून ‘फ्रॉम’ लावावाच लागतो : ‘फ्रॉम होम’, ‘फ्रॉम हिअर’, ‘फ्रॉम अब्रॉड’, ‘फ्रॉम अपस्टेअर्स’. मराठीही नेमकं हेच करते. ‘घरी जा’, ‘इथे ये’, ‘वर जा’ यांना ‘ला’ लागत नाही, पण ‘घरून’, ‘इथून’, ‘वरून’ यांना ‘ऊन’ लागतो. तेव्हा हा धडा पाठ करण्याची गरज नाही, तो तुम्हाला येतोच.

दोन अपवाद लक्षात असू द्या. घर कोणाचं ते सांगितलं की ‘होम’ साधं नाम होतं आणि ‘टू’ परत येतो : ‘वी वेंट टू हर पेरेंट्स होम’. आणि दोन टोकं मोजताना ‘फ्रॉम हिअर टू देअर’ चालतं, कारण तिथे ‘टू’ सीमा दाखवतो. ‘रीच’ या क्रियापदाची गोष्ट वेगळी. पोहोचणं या अर्थी त्याला ‘टू’ कधीच लागत नाही, मग पुढे घर असो की स्टेशन : ‘रीच होम’, ‘रीच द स्टेशन’.

प्रश्न : ‘अगदी’ला काय म्हणायचं? मी ‘व्हेरी बिहाइंड’ लिहिलं तर साहेबांनी खोडलं. ‘जस्ट’, ‘राइट’, ‘वेल’, ‘फार’ यांतला कोणता कुठे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

‘व्हेरी’ विशेषणांचा आणि क्रियाविशेषणांचा सोबती आहे. प्रिपोझिशनच्या दारात त्याला उभं करत नाहीत. ‘निअर’ आणि ‘लाइक’ या दोघांना तो चालतो, कारण त्यांच्यात विशेषणाचे गुण उरले आहेत : ‘व्हेरी निअर द स्टेशन’. ठाम मत सांगताना ‘व्हेरी मच’ येतं : ‘आय ॲम व्हेरी मच अगेन्स्ट इट’. एरवी तो विसरा.

‘राइट’ म्हणजे खेटून, नेमकं, मध्ये काही नाही. ‘जस्ट’ म्हणजे थोडंसंच अंतर आहे, पण आहे. हा फरक बोलण्यात खूप कामाला येतो. रिक्षावाल्याला ‘राइट आउटसाइड द गेट’ सांगितलं तर तो फाटकासमोर उभा राहील. ‘जस्ट आउटसाइड पुणे’ म्हटलं तर गाव हद्दीच्या थोडं बाहेर आहे. काळातही तसंच : ‘राइट आफ्टर लंच’ म्हणजे हात धुतल्या धुतल्या, ‘जस्ट आफ्टर लंच’ म्हणजे जेवणानंतर थोड्याच वेळात. आपला ‘च’ बहुतेक वेळा ‘राइट’कडे जातो. ‘माझ्या मागेच उभा होता’ याचं ‘राइट बिहाइंड मी’ होतं. ‘आजच’ किंवा ‘आत्ताच’ यांतल्या ‘च’साठी आपल्याकडे ‘टुडे ओन्ली’, ‘नाऊ इटसेल्फ’ असं बोलतात, पण बाहेरच्या माणसाला त्यातून भलताच अर्थ लागतो. ‘टुडे ओन्ली’ म्हणजे त्याला ‘फक्त आजचा दिवस’ असं ऐकू येतं, दुकानातल्या सवलतीच्या पाटीसारखं. नुसतं ‘टुडे’ म्हणा आणि आवाजात जोर द्या.

‘वेल’ सीमा ओलांडून बराच पल्ला गाठल्याचं सांगतो, म्हणून त्याची जोडी सीमा दाखवणाऱ्या प्रिपोझिशनशी जमते : ‘वेल बिफोर द डेडलाइन’, ‘वेल ओव्हर अ हंड्रेड पीपल’, ‘वेल विदिन द बजेट’, ‘वेल इंटू द नाइट’. आपल्या ऑफिसच्या पत्रांत ‘खूप आधी’साठी ‘मच बिफोर’ सर्रास दिसतं. तिथे ‘वेल बिफोर’ लिहा, काळ फारच लांबचा असेल तर ‘लाँग बिफोर’. ‘मच’ हवाच असेल तर पुढे तुलनेचा शब्द घ्या : ‘मच अर्लिअर’.

‘फार’ हे अंतर दाखवतं, काळापेक्षा जागेचं किंवा दर्जाचं जास्त : ‘फार बियाँड द व्हिलेज’, ‘फार अबव्ह ॲव्हरेज’. ‘खूप मागे पडला’ याला ‘फार बिहाइंड’ म्हणा. साहेबांनी खोडलेल्या वाक्यात तुम्हाला बहुधा हे किंवा ‘राइट बिहाइंड’ म्हणायचं असेल, आणि दोघांचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. म्हणूनच ‘व्हेरी’वर काम भागत नाही.

‘शॉर्टली’ हा ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ दोघांसोबत जातो, पण ‘सून’ फक्त ‘आफ्टर’सोबत. ‘सून बिफोर’ कोणी म्हणत नाही. ‘हाफवे’ला दोन टोकं असलेली गोष्ट लागते : ‘हाफवे थ्रू द फिल्म’, ‘हाफवे अप द हिल’. ‘ऑल’ पसरलेपण दाखवतो : ‘ऑल ओव्हर द फ्लोअर’, ‘ऑल अलाँग द रिव्हर’. आणि ‘अगदी लहानपणापासून’साठी आपल्याकडचं लाडकं ‘राइट सिन्स चाइल्डहुड’ टाळा. ‘राइट फ्रॉम चाइल्डहुड’ किंवा ‘एव्हर सिन्स चाइल्डहुड’ यांतलं एक घ्या. ‘राइट’ची जोडी ‘सिन्स’शी जमत नाही, आणि ‘एव्हर’ मात्र ‘सिन्स’साठीच जन्मल्यासारखा बसतो.

प्रश्न : आमचे शेजारी ‘डाउन ॲट द पब’, ‘ओव्हर इन लीड्स’, ‘बॅक इन नाइन्टी-थ्री’ असं बोलतात. ‘ॲट द पब’ म्हटलं तर काय बिघडतं?
— एक वाचक, मँचेस्टर

व्याकरण बिघडत नाही, फक्त बोलणारा कुठे उभा आहे ते कळत नाही. या जोड्यांमध्ये कामं वाटलेली असतात. दुसरा शब्द गोष्ट कुठे आहे ते सांगतो, पहिला शब्द बोलणाऱ्याची नजर कुठून कुठे वळली ते.

कोकणातला माणूस ‘वर घाटावर’ म्हणतो आणि घाटावरचा माणूस ‘खाली कोकणात’ म्हणतो. ‘कोकणात’ एवढ्यानं जागा कळली असती. ‘खाली’नं बोलणारा सह्याद्रीच्या कोणत्या बाजूला आहे ते कळलं. इंग्रजीत हेच ‘डाउन इन कोकण’. ‘तिकडे अमेरिकेत’ याला ‘ओव्हर इन अमेरिका’, ‘मागे १९९३ साली’ याला ‘बॅक इन १९९३’. इथे मराठी आणि इंग्रजी दोघींचा क्रम सारखा आहे, आधी नजर, मग जागा. फक्त मराठीचा ‘त’ शब्दाच्या शेपटीला असतो आणि इंग्रजीचा ‘इन’ मध्येच उभा असतो. त्यामुळे आपली माणसं तो ‘इन’ विसरतात आणि ‘डाउन कोकण’ म्हणून मोकळी होतात. तो गाळू नका.

‘अप’ आणि ‘डाउन’ नेहमी उंचीवर ठरत नाहीत. नकाशातल्या उत्तर-दक्षिणेवर ठरतात, गावाच्या मोठेपणावरही ठरतात. मुंबईच्या लोकलमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी ‘अप’, तिकडून सुटणारी ‘डाउन’. ब्रिटनच्या रेल्वेत लंडनकडचा मार्ग बहुतेक ठिकाणी ‘अप’ असतो. शेजाऱ्यांचा पब चढावर असला तरी तो ‘डाउन ॲट द पब’च राहील, त्यात वाद घालू नका.

‘तिथे खाली’, ‘इथे वर’, ‘इथे आत’ यांत मात्र क्रम उलटा होतो. इंग्रजीत दिशा आधी : ‘डाउन देअर’, ‘अप हिअर’, ‘इन हिअर’. मराठीत ‘तिथे खाली’ आणि ‘खाली तिथे’ दोन्ही खपतं, इंग्रजीत ‘देअर डाउन’ खपत नाही.

प्रश्न : ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ की ‘मीटिंग यू’? आणि ‘कोप अप विथ’ का चूक, ‘कीप अप विथ’ चालतं तर?
— एक वाचक, ठाणे

‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. इथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, ‘टू गो’, ‘टू ईट’ यांतला क्रियापदाचा ‘टू’ नव्हे. ओळखण्यासाठी ‘टू’च्या पुढे साधं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द वेडिंग’ जमतं ना? नाम जमलं की क्रियापदाला ‘इंग’ लावायचंच. ‘वाँट टू द वेडिंग’ जमत नाही, म्हणून तिथे ‘वाँट टू मीट’. ‘बी यूझ्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘गेट राउंड टू’ या सगळ्यांना हीच परीक्षा लावा.

‘लुक फॉरवर्ड टू’, ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘कट डाउन ऑन’, ‘ड्रॉप इन ऑन’ ही तीन शब्दांची क्रियापदं आहेत. मधला शब्द क्रियाविशेषण आहे, तो क्रियेचा अर्थ घडवतो. शेवटचा शब्द प्रिपोझिशन आहे, त्याचं काम पुढचं नाम बांधून घेणं. म्हणून पुष्कळ ठिकाणी नाम काढलं की शेवटचा शब्द गळतो आणि मधला राहतो. दूध संपलं : ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’. कशाचं ते सांगायचं नसेल तर ‘वी हॅव रन आउट’. साखर कमी केली आहे : ‘शी हॅज कट डाउन ऑन शुगर’, नुसतं ‘शी हॅज कट डाउन’. ‘आउट ऑफ’ म्हणून वाक्य थांबवलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ‘पुट अप विथ’ आणि ‘लुक फॉरवर्ड टू’ यांच्यात अशी काटछाट होत नाही, त्यांना नाम किंवा सर्वनाम लागतंच.

उच्चारात जोर मधल्या शब्दावर. ‘रन आउट ऑफ’ मध्ये ‘आउट’ ठळक आणि ‘ऑफ’ इतका हलका की तो जवळजवळ ‘अव्’ ऐकू येतो. आपण तिन्ही शब्द सारख्या वजनानं म्हणतो किंवा शेवटच्यावर जोर देतो, त्यामुळे व्याकरण बरोबर असूनही ऐकणाऱ्याला कष्ट पडतात. बरोबरचं वाक्य पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हणा, मधल्या शब्दाला बोटानं टेबलावर टिचकी मारा आणि बाकीचे शब्द टिचकीच्या दोन्ही बाजूंना भरभर उरका.

क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशन यांच्यामध्ये आणखी एक क्रियाविशेषण घालता येतं : ‘शी गेट्स ऑन वेल विथ हर नेबर्स’. नाम किंवा सर्वनाम मात्र तिथे घालता येत नाही. ‘पुट इट अप विथ’ होत नाही, ‘पुट अप विथ इट’च.

आता ‘कोप अप विथ’. ‘कीप’, ‘पुट’, ‘कॅच’ या क्रियापदांना ‘अप’शिवाय तो अर्थच येत नाही, म्हणून ‘अप’ हवा. ‘कोप’ एकटाच ‘निभावून नेणं’ हा अर्थ देतो, ‘अप’ला करायला काही काम उरत नाही. ‘कोप विथ’ पुरे. कानाला ‘अप विथ’ ही जोडी इतकी सवयीची झाली आहे की ती इथेही येऊन बसते. ‘रिटर्न बॅक’ याचाही हाच रोग : ‘रिटर्न’मध्ये ‘बॅक’ आहेच.

प्रश्न : ‘इनसाइड’ क्रियाविशेषण की प्रिपोझिशन? दोन पुस्तकं दोन उत्तरं देतात. स्पर्धा परीक्षेत काय लिहू?
— एक परीक्षार्थी, लातूर

परीक्षेत : पुढे नाम किंवा सर्वनाम असेल तर प्रिपोझिशन, नसेल तर क्रियाविशेषण. ‘शी इज इनसाइड द हाउस’ मध्ये पहिलं, ‘शी इज इनसाइड’ मध्ये दुसरं. शब्दकोशही बहुधा असंच छापतात, तेव्हा गुण जाणार नाहीत.

पुस्तकांच्या मतभेदाला मात्र खरं कारण आहे. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच असं मांडलं होतं की ‘सिंग’ हे क्रियापद कर्मासह येवो की कर्माशिवाय, आपण त्याला क्रियापदच म्हणतो, तर मग ‘ऑन’पुढे नाम नसलं म्हणून त्याची जात का बदलावी? हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणानं ही दिशा पुढे नेली. ‘हिअर’, ‘होम’, ‘अवे’ यांनाही तिथे नामाशिवायचं प्रिपोझिशन मानलं आहे. त्यांच्या बाजूनं एक पुरावा तुम्हीच तपासू शकता : ‘राइट’. ‘राइट इनसाइड द हाउस’ जमतं, ‘कम राइट इनसाइड’ जमतं, ‘राइट हिअर’ही जमतं. पण ‘राइट स्लोली’ प्रमाण इंग्रजीत जमत नाही. या कसोटीवर ‘इनसाइड’ आणि ‘हिअर’ एका गोटात पडतात आणि ‘स्लोली’ दुसऱ्या. आम्हाला हा विचार पटतो, तरी उत्तरपत्रिकेत तो लिहू नका.

प्रश्न : ‘अपटू’ एकत्र लिहायचं की तोडून? ‘लॉगइन’चं काय?
— एक वाचक, पणजी

‘अप’ आणि ‘टू’ दोन शब्द, नेहमीच. तसंच ‘इन फ्रंट ऑफ’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ तोडून, ‘अलाँग विथ’ तोडून. ‘डिस्पाइट’ला मात्र ‘ऑफ’ लावू नका.

‘लॉग इन’ हे क्रियापद दोन शब्दांत, ‘लॉगइन’ हे नाम एका शब्दात. क्रियापदापुढे खात्याचं नाव आलं की ‘लॉग इन टू’ तिन्ही शब्द सुटे लिहिणं सुरक्षित. ‘इनटू’ जोडून लिहिलेलंही आता चालतं, पण सगळीकडे ती मुभा नाही. ‘ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस’ म्हणजे तो पोलिसांना शरण आला. इथला ‘इन’ क्रियापदाचा आहे आणि ‘टू’ पोलिसांचा. दोघांना जोडलंत तर तो स्वतःच पोलीस झाला असा अर्थ निघेल. ‘मूव्ह ऑन टू द नेक्स्ट क्वेश्चन’ यातलं ‘ऑन टू’ याच कारणानं सुटं, आणि ‘जंप ऑनटू द स्टेज’ मधलं जोडून.

प्रश्न : ‘ऑपोझिट टू द स्टेशन’ की ‘ऑपोझिट द स्टेशन’?
— एक वाचक, जळगाव

पत्ता सांगताना ‘ऑपोझिट द स्टेशन’. ‘समोर’ आणि ‘जवळ’ यांना ‘ला’ लागत नाही, तसा ‘ऑपोझिट’लाही ‘टू’ लागत नाही. ‘निअर’ला चालतो पण गरज नाही, ‘नेक्स्ट’ आणि ‘क्लोज’ यांना लागतोच : ‘नेक्स्ट टू द बँक’, ‘क्लोज टू द बँक’. ‘निअरबाय’ पुढे नाम घेतच नाही, ‘देअर इज अ बँक निअरबाय’ म्हणून वाक्य तिथेच संपवा. अगदी बरोबर समोर असेल तर ‘डायरेक्टली ऑपोझिट’ किंवा ‘राइट ऑपोझिट’.